कोपरापासून नमस्कार

नवरात्राचे घट उठतात, कोजागरीचे दूध आटून होते, आणि मराठी घरांतून एक निराळीच धामधूम सुरू होते. माळ्यावरची पातेली खाली येतात, कपाटांच्या मागची जळमटे निघतात, रंगाऱ्याची शिडी दारात उभी राहते. लक्ष्मीपूजनापूर्वी घर लख्ख दिसले पाहिजे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओढ. अलीकडे या ओढीचा हात धरून बाजारही घरात शिरला आहे. पडदे, गालिचे, भिंतीवर चिकटवावयाचे चित्रमय कागद, छतातून डोकावणारे दिवे यांच्या जाहिरातींनी दैनिकांची पाने भरून जातात आणि या सगळ्याला मिळून 'इंटीरिअर' असे एक भारदस्त नाव दिले जाते.

वाचकहो, आमचा व्यवसाय हरिकीर्तनाचा आणि व्यासंग संस्कृत ग्रंथांचा. भिंतीला कोणता रंग द्यावा हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि सांगितलेच तर आमच्या घरात ते कोणी ऐकणारही नाही. तरीही दीपावलीच्या या पानावर गृहांतर्गत रचनेच्या शास्त्राविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत, त्यास एक अपघात कारण झाला. तो प्रथम सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ नाही.

आमचे बिऱ्हाड वाईस, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यात. तेथे त्यांनी चौथ्या मजल्यावर सदनिका घेतली आणि एका सजावटकाराकडून ती नखशिखान्त नटवून घेतली. आरशासारखी चकाकणारी फरशी, छताखाली दुसरे छत, काळ्या दगडाचा ओटा, आणि दूरदर्शन संचाच्या शेजारी एका कोनाड्यात मागून उजळणाऱ्या शिळेपुढे देवांची प्रतिष्ठापना. आम्ही पाहून थक्क झालो, दोन कौतुकाचे शब्दही बोललो. आमच्या सौभाग्यवती मात्र स्वयंपाकघरात गेल्या त्या ओट्याकडे पाहतच राहिल्या. ओटा होता ३६ इंच उंच, आणि त्यांची स्वतःची उंची चार फूट दहा इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर कढई. कढईचा काठ जवळजवळ त्यांच्या खांद्याशी यावयाचा. बायकांची जात अडचणीवर तोडगा काढण्यात कुशल. त्यांनी जेवणाचा एक पाट ओट्यापुढे उपडा टाकला आणि त्यावर उभ्या राहून चकल्या तळावयास घेतल्या.

सन २०२३ ची वसुबारस. त्या चकचकीत फरशीवर तेलाचे चार थेंब पडले असतील नसतील. पाट सरकला आणि त्या डाव्या अंगावर पडल्या. कढई जागच्या जागी राहिली ही परमेश्वराचीच कृपा. खुब्याचे हाड मोडले. ती दिवाळी रुग्णालयात गेली, आणि पुढचे आठ महिने काठी, वॉकर, औषधे आणि परस्वाधीनपण यांत गेले. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे उठून स्वतःच्या हाताने देवापुढे दिवा लावला, तिला तो सुनेच्या हातून लावलेला पाहावा लागला. त्यांनी तक्रार केली नाही. पण रोज सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत, हे आम्ही पाहत होतो.

याच सुमारास आमची भाची समाचाराला आली. तिने याच विषयाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला आहे. संतापाच्या भरात आम्ही तिला म्हणालो, "बाई, तुमच्या या सजावटीच्या विद्येला आमचा कोपरापासून नमस्कार!" ती हसली नाही, रागावलीही नाही. पिशवीतून मोजपट्टी काढीत म्हणाली, "मामा, मग कोपरापासूनच सुरुवात करू या. मामी, जरा माझ्या खांद्याला धरून सरळ उभी राहा, आणि कोपर वाकव बघू."

जमिनीपासून कोपर साडेछत्तीस इंच भरले. तिने ते वहीत लिहिले, त्याखाली रेघ ओढली, आणि मग आम्हांस या शास्त्राचा पहिला पाठ मिळाला. तो असा, की उभ्याने करावयाचे काम कोपराच्या उंचीवर नव्हे, त्याच्या खाली व्हावे. भाजी चिरणे, निवडणे कोपरापासून दोन-चार इंच खाली. कणीक तिंबणे, लाटणे, चुलीवरची कढई हलविणे, अशी जेथे जोर लागतो किंवा भांड्याची उंची वाढते ती कामे त्याहूनही खाली. म्हणजे आमच्या घरी ३६ इंचांचा ओटा ज्यांच्यासाठी बांधला गेला होता त्या बाई त्या घरात नव्हत्याच. होत्या त्या सहा इंचांनी निराळ्या. त्या सहा इंचांची भरपाई पाटाने केली आणि पाटाची किंमत खुब्याने दिली.

सजावट आणि रचना

तिने आम्हांस एक भेद समजावून दिला, तो वाचकांनीही ध्यानात ठेवावा. सजावटकार पृष्ठभागाचा विचार करतो: रंग, कापड, वस्तू, शोभा. अंतर्गत रचनाकाराचा विचार जागेपासून सुरू होतो. माणूस कोठून आत येतो, ओल्या छत्रीचे काय करतो, पाण्याचा नळ कोठून फिरला आहे, विजेची कळ अंधारात हाताला लागते की नाही, दार उघडले म्हणजे ते कोणाच्या अंगावर येते, हे सर्व त्याच्या कक्षेत येते. इमारतीचे खांब-तुळया हा वास्तुविशारदाचा आणि अभियंत्याचा प्रांत. तेथे हात घालावयाचा नसतो. खांबांच्या आत जे जगणे चालते त्याची मांडणी हा याचा प्रांत. प्रथम घरातील माणसांशी बोलणे, मग प्रत्येक खोलीचे प्रत्यक्ष माप घेऊन नकाशा काढणे, मग उभा छेद काढणे, त्यानंतर सामानाची यादी आणि खर्चाचा अंदाज, आणि रंगाचा डबा सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा उलट्या टोकाने प्रारंभ होतो.

हे शास्त्र स्वतंत्र म्हणून उभे राहिले त्याला फार काळ लोटलेला नाही. १८९७ साली अमेरिकेत ईडिथ व्हॉर्टन या लेखिकेने ऑग्डन कॉडमन या वास्तुविशारदासह घराच्या सजावटीवर एक ग्रंथ लिहिला. जड पडदे आणि खुर्च्यांची गर्दी म्हणजे शोभा नव्हे, खोलीची शोभा तिच्या प्रमाणबद्धतेत असते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९०५ साली एल्सी डी वुल्फ या बाईंनी न्यूयॉर्कमधील एका स्त्रियांच्या क्लबाच्या अंतर्भागाचे काम हाती घेतले, अंधाऱ्या दालनांतून उजेड आणि मोकळेपणा आणला, आणि हा एक व्यवसाय होऊ शकतो हे जगाला दाखविले. अशी नावे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र त्यांत सर्वांत विचार करावयास लावला तो जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराने.

पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात घरांचा भयंकर तुटवडा होता. नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो घरे बांधावयास घेतली आणि त्यांतील स्वयंपाकघराची रचना १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंकडे सोपविली. जागा किती? रुंदी सुमारे सहा फूट, लांबी सुमारे अकरा. आपल्या पुण्या-मुंबईच्या सदनिकेतील स्वयंपाकघरच म्हणा ना! बाईंनी रेल्वेच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्याचा अभ्यास केला, गृहिणीची पावले मोजली, कोणती वस्तू कोणत्या हाताला हवी हे ठरविले, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली. गंमत अशी, की हे काम करण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. ज्याने स्वतः केले नाही त्याने निदान करणाऱ्याकडे नीट पाहावे, एवढा बोध आमच्यासारख्या पुरुषांनी त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आमच्या भाचीनेही तेच केले. एके दिवशी सकाळी सहा ते नऊ ती स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन बसली आणि सूनबाईंच्या प्रत्येक फेरीची रेघ नकाशावर ओढीत गेली. नऊ वाजता तो कागद पाहिला तर कोळ्याचे जाळे बरे! सजावटकाराने ओट्याची रेघ सलग दिसावी म्हणून फ्रिज बाहेरच्या बोळात ठेवला होता. तेवढ्यापायी तीन तासांत एकवीस वेळा बाहेर जाऊन येणे झाले होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४० नंतरच्या दशकात यावर जो अभ्यास झाला त्यातून एक साधा आडाखा निघाला: धान्य-भाजी जेथे साठविली जाते ती जागा, धुण्याची जागा आणि शिजविण्याची जागा या तीन बिंदूंचा त्रिकोण काढावा, त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी. फार लहान असली तर दाटी होते, मोठी असली तर पायपीट. आडाखाच तो, वेदवाक्य नव्हे. आपल्या घरात दोन बायका एकाच वेळी ओट्याशी असतात तेव्हा त्रिकोणही दोन होतात. पण मोजल्यावाचून दोष दिसत नाही, एवढे खरे.

यजमानाचे माप

कोपराचे माप घेताना आम्हांस राहून राहून एक शब्द आठवत होता: अरत्नी. संस्कृतात अरत्नी म्हणजे कोपर, आणि कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे मापही. यज्ञवेदी रचण्याचे गणित ज्यांत आले आहे ती शुल्बसूत्रे आम्ही विद्यार्थिदशेत घोकली. बौधायनांच्या मते १४ अणुधान्यांचे किंवा ३४ तिळांचे एक अंगुल, २४ अंगुलांची अरत्नी, आणि १२० अंगुलांचा पुरुष. हा पुरुष कोणता? अग्निचयनात तो हात वर करून उभा राहिलेला यजमान होय. ज्याच्यासाठी वेदी रचावयाची त्याच्याच देहाने ती मोजावयाची. पुढे शिल्पग्रंथांतही मानांगुल आणि मात्रांगुल असा भेद आला. मानांगुल आठ यवांचे, म्हणजे सर्वांना समान. मात्रांगुल मात्र कर्त्याच्या किंवा यजमानाच्या मधल्या बोटाच्या पेरावरून घ्यावयाचे. एक माप बाजाराचे, एक माप माणसाचे. दोन्हींची गरज आमच्या पूर्वसूरींनी ओळखली होती.

आता याला जोडून दुसरी गोष्ट ऐका. ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुविशारदाचे नाव चंडीगढमुळे आपल्या परिचयाचे आहे. त्याने १९४८ साली 'मोड्युलॉर' नावाची मापनपद्धती प्रसिद्ध केली. तिचे चिन्ह काय? एक हात वर करून उभा असलेला मनुष्य! आम्ही ते चित्र पाहिले तेव्हा शुल्बसूत्रांतील यजमानच समोर उभा राहिल्यासारखे वाटले. परंतु हा मनुष्य १८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट उंच. वर केलेल्या हातासह २२६ सेंटिमीटर. आरंभी त्याने १७५ सेंटिमीटरचा मनुष्य घेतला होता. पुढे इंग्रजी कादंबऱ्यांतील देखणे शिपाई सहा फुटी असतात, या विचाराने त्याची उंची वाढविली. कल्पना भव्य, पण तो सहा फुटी शिपाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला तर चार फूट दहा इंचांच्या बाईने जावे कोठे?

यावरून कोणी असे म्हणू नये, की हे सर्व ज्ञान आपल्याकडे होतेच आणि परकीयांनी ते नेले. यज्ञवेदीचे गणित निराळे, ओट्याचे निराळे. भारतीय देहांची मापे पद्धतशीर घेऊन ती रचनाकारांच्या हाती देण्याचे काम आधुनिक अभ्यासकांनी केले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ती संस्था १९६१ साली निघाली, आणि तिच्यामागे चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेला एक अहवाल होता. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे केवढे कौतुक केले आहे! त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर कसा बसावा, हातात कसा धरावा, ओतताना तोल कसा राहावा, आतून घासता कसा यावा, विकत घेताना परवडावा किती, असे प्रश्नांवर प्रश्न. आमच्या घरात तांब्या पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याला कोणी असे प्रश्न विचारले नव्हते. रचनेची विद्या म्हणजे बहुतांशी असे प्रश्न विचारण्याचीच विद्या, असे आम्हांस आता वाटते.

ओघाने वास्तुशास्त्राचा विषय निघतो. श्रद्धाळू वाचक आम्हांस विचारतातच. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर अध्याय आहे, भोजराजाचा समरांगणसूत्रधार आहे, मयमत, मानसार आहेत. आम्ही ते आदराने वाचतो. पण ते ग्रंथ भूमी निवडून, पाया खणून नवे घर उभारणाऱ्यासाठी आहेत. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत दिशादोष आहे म्हणून भिंती फोडावयास सांगणारे, आणि त्याच सदनिकेत म्हातारी घसरून पडेल अशी फरशी बसली आहे तिकडे न पाहणारे, यांच्या शास्त्राविषयी आम्ही मौनच पाळतो.

जुन्या वाड्यांविषयी आम्हांस ममता आहे, पण डोळे मिटून नव्हे. वाईपासून जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे, सहा चौकांचा. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना उजेड कसा कमी-अधिक होत जातो, बाहेरच्या कामाची जागा आणि घरातल्या माणसांची जागा यांत अंतर कसे ठेवले आहे, भिंतीच्या जाडीतच कोनाडे, फडताळे, दिवळ्या कशा बसविल्या आहेत, हे प्रत्येक गृहस्थाने एकदा सावकाश पाहावे. वस्तूला भिंतीत जागा दिली की जमीन मोकळी राहते. आजच्या कपाटवाल्यांना ते पुन्हा शिकावे लागत आहे. पण सामान्य माणसाच्या वाड्यातले माजघर आठवा. भरदुपारी दिवा लावावा इतका अंधार, धुराने काळवंडलेले छत, त्या धुरात डोळे पुशीत भाकरी थापणाऱ्या आमच्या मातोश्री, आणि ठेच लागावी असे उंबरे. त्या घरांनी बायकांना सुख दिले असे म्हणावयास आमची जीभ वळत नाही.

उजेड आणि आवाज

रचनेची मूलतत्त्वे म्हणून भाचीने बरीच नावे सांगितली. जागा, रेषा, आकार, उजेड, रंग, पोत ही घटकद्रव्ये. आणि समतोल, लय, प्रमाण, प्राधान्य, एकसूत्रीपणा हे त्यांना बांधणारे नियम. नावे ऐकून वाचकांनी बिचकू नये. आपल्या मुली अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात तो समतोल. दारावरच्या तोरणात पान, फूल, पान, फूल असे येते ती लय. प्राधान्याचे म्हणाल तर कीर्तनकाराला ते वेगळे शिकविण्याचे कारण नाही. पूर्वरंगात कितीही दृष्टान्त आणले तरी उत्तररंगात आख्यान एकच रंगवावयाचे असते. एका खोलीत देव, दूरदर्शन संच, झुंबर आणि चित्रांची भिंत ही चार आख्याने एकदम लावली, तर श्रोत्याने ऐकावे कोणाचे? रंगाविषयी एवढेच, की फिकट रंग उजेड परत फेकतात, गडद रंग तो गिळतात. लहान खोलीत कोणता लावावा हे ज्याचे त्याने ठरवावे.

उजेडावर मात्र थांबले पाहिजे. विशीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचतो, साठीतील डोळ्यात त्याच्या सुमारे एक तृतीयांशच पोहोचतो. तरुण मुलगा ज्या दिव्यात सुखाने वावरतो त्यात आईला पोथी वाचता येत नाही, आणि तो म्हणतो, "एवढा तर उजेड आहे!" दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून उजेड तीन प्रकारांनी योजावा असे हे शास्त्र सांगते: खोलीभर पसरणारा, कामापुरता हाताशी असलेला, आणि एखाद्या ठिकाणी दृष्टी खेचणारा. आपल्या दिवाळीत हे तिन्ही प्रकार नांदतात. आकाशकंदील एक, वाचीत बसावयाचा दिवा दुसरा, तुळशीपुढची पणती तिसरा. चिरंजीवांच्या देवघरात तिसऱ्याचा अतिरेक झाला होता. मूर्तींच्या मागची शिळा इतकी उजळे, की डोळे तिलाच सरावत आणि देवांची मुखे काळी दिसत. पुढून, किंचित खालून, एका बाजूने येणारा समईचा उजेड मुखावर का खुलतो, हे तेव्हा कळले. आणि तेथे समई लावण्याची सोयच नव्हती. ज्योत लागून फळी पोळेल म्हणून विजेची वात ठेवलेली!

दुसरी गोष्ट आवाजाची. हिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, पण आमचे पोट ज्यावर चालते ते आम्ही कसे विसरणार? रिकाम्या सभामंडपात आमचे शब्द दगडी भिंतींवरून परत येऊन एकमेकांवर आदळतात. तोच मंडप श्रोत्यांनी भरला, सतरंज्या अंथरल्या, की प्रत्येक अक्षर सुटे होते. चिरंजीवांच्या दिवाणखान्यात सर्वत्र काच, दगड आणि गुळगुळीत भिंती. चार माणसे बोलू लागली की सौभाग्यवतींना कलकल ऐकू येई, शब्द नव्हे. सगळ्यांना वाटे की यांना आता ऐकू येत नाही. भाचीने दोन खिडक्यांना जाड सुती पडदे लावले, जमिनीवर न सरकणारी, कडा घट्ट बसलेली एक मोठी सतरंजी घातली, एका भिंतीला आमच्या पोथ्या-पुस्तकांची मांडणी दिली. त्या दिवसापासून त्या पुन्हा संभाषणात भाग घेऊ लागल्या. कानांचे औषध पडद्यांत होते.

स्वयंपाकघरात फार तोडफोड झाली नाही. खिडकीलगतचा तीन फुटांचा ओटा उतरवून ३० इंचांवर आणला आणि शेगडी त्यातच बसती केली; उरलेला ओटा सूनबाईंच्या उंचीला योग्य होता, तो तसाच राहिला. एका घरात दोन उंच्या. फ्रिज आत आला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची फरशी खरखरीत पोताची झाली, न्हाणीघराच्या भिंतीत धरावयास दांडा बसला, आणि तेथल्या उंबरठ्याला फरशीहून वेगळा, ठळक रंग मिळाला. खर्च पहिल्या सजावटीच्या मानाने नगण्य.

देवघराच्या वेळी थोडा वाद झाला. वैद्यांनी मांडी घालून बसण्यास कायमची मनाई केलेली. खुर्चीवर बसून पूजा कशी करावी, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. आम्ही त्यांना सांगितले, की योगसूत्रकारांनी आसनाची जी व्याख्या केली आहे तीत स्थैर्य आणि सुख यांना महत्त्व आहे, पाटाचा उल्लेख नाही. हा शास्त्रार्थ त्यांना कितपत पटला ठाऊक नाही. पण भाचीने त्यांना खुर्चीवर बसवून त्यांची दृष्टी आणि हाताची पोच मोजली तेव्हा त्या मुकाट्याने बसून राहिल्या. पूर्वेच्या खिडकीशेजारी २८ इंच उंचीचा दगडी चौथरा झाला, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून. मागे फरशी, ज्योतीच्या वर लाकूड नाही, धूर निघून जावयास खिडकी. उजव्या हाताला समईची खोबण, डाव्या हाताला फुलांची परडी, आणि उभे राहताना धरावयास भिंतीत एक गुळगुळीत लाकडी कठडा.

सन २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला सौभाग्यवती एकट्या त्या चौथऱ्यापुढे जाऊन बसल्या. सूनबाई मदतीला पुढे झाल्या तर त्यांनी हातानेच त्यांना थांबविले. समईत तेल घातले, वाती सारख्या केल्या, काडी ओढली. पाच वाती लागल्या. आम्ही मागे उभे होतो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, आणि नेहमीच्या, वर्षभरात न ऐकलेल्या आवाजात आम्हांस विचारले, "अहो, घंटा कुठं ठेवलीत?"

घंटेची जागा आराखड्यात राहूनच गेली होती. भाचीने जीभ चावली आणि मोजपट्टी आणावयास ती आत गेली.